जनगणनेतील कामकरी स्त्री : एका आकड्याची चिकित्सा

सरकारी आकडेवारीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी अभ्यासकांत आढळतात. काहींना ती प्रमाणभूत वाटते, तर काही तिला सर्वस्वी अविश्वसनीय ठरवून बाजूस सारतात. या दोन्ही दृष्टी श्रम वाचविणाऱ्या आहेत. आकडा कोणत्या प्रश्नातून निर्माण झाला हे तपासण्याचे कष्ट त्यांपैकी कोणतीच घेत नाही. भारताच्या जनगणनेतील कामकरी स्त्रियांची गणना हे याचे बोलके उदाहरण होय.

१९६१ च्या जनगणनेत सुमारे ५ कोटी ९४ लाख स्त्रिया कामकरी म्हणून नोंदल्या गेल्या. १९७१ मध्ये ही संख्या सुमारे ३ कोटी १३ लाखांवर आली. याच दशकात स्त्रियांची एकूण लोकसंख्या सुमारे पाच कोटींनी वाढली होती. परिणामी कामकरी स्त्रियांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांपर्यंत घसरले. हे कोष्टक जसेच्या तसे स्वीकारावयाचे, तर दहा वर्षांत देशातील निम्म्या कष्टकरी स्त्रियांनी काम सोडले, असे मानावे लागेल.

आता व्याख्यांकडे वळावे. १९६१ मध्ये हंगामी कामाच्या बाबतीत, हंगामाच्या बहुतांश काळात रोज एका तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती कामकरी गणली गेली. १९७१ मध्ये प्रत्येक व्यक्तीचे ‘मुख्य कार्य’ विचारण्यात आले. पहाटे दळणकांडण, दिवसा खुरपणी आणि सायंकाळी पुन्हा चूल, अशी जिची दिनचर्या, तिचे मुख्य कार्य ‘घरकाम’ ठरले आणि ती अकामकरी वर्गात गेली. तिचे शेतातील श्रम दुय्यम कार्याच्या रकान्यात उतरले, किंवा उतरलेच नाहीत. त्यातही माहिती सांगणारा बहुधा कुटुंबातील कर्ता पुरुष असे. ज्या कामाला मजुरी नाही, ते त्याच्या लेखी काम नसण्याचाच संभव अधिक.

हे केवळ अनुमान नव्हे. त्याची एक कसोटी त्याच कोष्टकात उपलब्ध आहे. पुरुषांचे प्रमाण याच काळात सुमारे ५७ टक्क्यांवरून सुमारे ५३ टक्क्यांवर, म्हणजे अल्पच उतरले. ज्यांचा दिवस एकाच व्यवसायाने व्यापलेला होता, त्यांना नव्या व्याख्येचा फारसा स्पर्श झाला नाही. ज्यांचे श्रम घर आणि शेत यांत विभागलेले होते, त्या मात्र गणनेतून गळाल्या. जनगणना खात्यालाही ही अडचण जाणवली व त्याने आर्थिक प्रश्नांची फेरपाहणी केली. १९८१ मध्ये ‘मुख्य’ आणि ‘सीमान्तिक’ असे कामकऱ्यांचे दोन वर्ग करण्यात आले, व १८३ दिवसांची मर्यादा त्यांची विभागणी करू लागली. तेव्हा दोन्ही वर्ग मिळून स्त्रियांचे प्रमाण सुमारे २० टक्के भरले. १९९१ च्या प्रश्नात शेतीवरील वा कौटुंबिक उद्योगातील विनावेतन कामाचा स्पष्ट उल्लेख आला.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. घसरण व्याख्येमुळे दिसते, यावरून प्रत्यक्षात काहीच घटले नाही, असे सिद्ध होत नाही. सुती गिरण्या, ताग गिरण्या व खाणी यांतून स्त्रिया कमी होत गेल्या, हे त्या उद्योगांच्या स्वतंत्र नोंदींवरूनही दिसते. १९७४ च्या स्त्री-दर्जा समितीच्या अहवालाने या विस्थापनाकडे लक्ष वेधले होते. व्याख्येचा दोष दाखविताना वास्तवातील हानी नाकारली गेली, तर ती चिकित्सा नव्हे, दुसऱ्या प्रकारची भाबडी श्रद्धा होईल. भिन्न रीतीने संकलित झालेला दुसरा पुरावा शोधणे, हाच यावरील उपाय.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. २०११ च्या जनगणनेतील सुमारे २५.५ टक्के या प्रमाणाशी या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. जनगणनेचा छेद सर्व वयांच्या स्त्रियांचा आहे, सर्वेक्षणाचा पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा. शिवाय श्रमबलात काम शोधणाऱ्या बेकार व्यक्तीही मोडतात. वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगाराचा असून त्यात कौटुंबिक उद्योगातील विनावेतन मदतनिसांचाही समावेश होतो. म्हणून सहभाग वाढला याचा अर्थ मिळकत वाढली, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल.

सारांश, कोणतेही कोष्टक उद्धृत करण्यापूर्वी प्रश्नाचे शब्द कोणते, संदर्भकाळ कोणता, उत्तर कोणी दिले आणि छेद कोणता, या चार गोष्टी पाहणे अगत्याचे आहे. गणनेतून गळालेल्या स्त्रीसाठी योजनेतही तरतूद होत नाही. हे लक्षात घेतले म्हणजे व्याख्येची तळटीप वाचणे ही केवळ विद्वत्तेची शिस्त राहत नाही.