कर्करोगाची प्रकाशीय तपासणी : एका विशेषणाची चिकित्सा

कर्करोगाच्या प्रकाशीय तपासणीविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात 'अनाक्रमक कर्करोगनिदान' यासारखे शब्दप्रयोग आढळतात. याचा विग्रह कसा करावयाचा? 'कर्करोगाचे अनाक्रमक निदान' हा लेखकांचा अभिप्राय असतो. परंतु 'अनाक्रमक कर्करोगाचे निदान' हा विग्रहही तितकाच शुद्ध आहे, आणि दुर्दैवाने अर्थपूर्णही आहे. कारण उगमाच्या थरातच राहिलेल्या, पलीकडच्या ऊतींत न शिरलेल्या कर्करोगालाही विकृतिशास्त्रात हेच विशेषण लागते. इंग्रजीत एकच शब्द शस्त्राला आणि रोगाला असा दोहोंना लावला जातो. मराठीने ती संदिग्धता उसनी घेण्याचे काही कारण नव्हते.

मूळ पद्धतीत अशी संदिग्धता नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या प्रकाश-विकिरणाचा तीत उपयोग केलेला असतो. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक' या संस्थेत मुखकर्करोगावर जे संशोधन झाले, त्यात ७८५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर-प्रकाश काचतंतूवाटे गालाच्या आतील अस्तरावर सोडला गेला. परतणाऱ्या प्रकाशाच्या अत्यल्प अंशाची तरंगलांबी बदललेली असते, व त्या बदलावरून ऊतीतील रेणूंचा वर्णपट मिळतो. निरोगी अस्तराच्या वर्णपटात स्निग्ध द्रव्यांच्या खुणा ठळक दिसतात, तर अर्बुदाच्या वर्णपटात प्रथिनांच्या. पुढचे काम संख्याशास्त्राचे : नवा वर्णपट कोणत्या गटाशी अधिक जुळतो, हे ठरविणे. म्हणजे उपकरण वर्गीकरण करते. त्यालाच 'निदान' म्हणणे ही दुसरी घाई होय. मुखकर्करोगाचे निश्चित निदान आजही ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होते.

हा केवळ कोशकारांचा वाद नव्हे. खारघर ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात वांगणी आणि नेरळ या स्थानकांच्या मध्ये शेलू आहे. तेथील आगरी, ठाकरी वा कातकरी बोलणाऱ्या श्रोत्याला हा मजकूर वाचून दाखविला, तर त्याच्या कानी काय पडेल? तुकडा काढला की रोग पसरतो, हा निराधार समज लोकांत खोल रुजलेला आहे. 'तुकडा न काढता निदान' असे छापून आले की त्या समजाला जणू शास्त्राचाच आधार मिळतो. तंबाखूमुळे वा मशेरीमुळे गालात पांढरा चट्टा उठलेला मनुष्य मग तुकडा देण्याचे नाकारील, आणि हाती असलेले महिने निघून जातील. 'किरण' हा शब्दही जपूनच योजावयास हवा. किरणोपचाराला बोलीत 'शेक' म्हणतात, तेव्हा 'किरणांनी तपासणी' म्हटल्यास तपासणीलाच उपचार समजले जाण्याचा संभव आहे.

'अनाक्रमक' याऐवजी 'छेदरहित' हे विशेषण सरस ठरते. छेद घेतला जात नाही, एवढेच ते सांगते. रोगाला ते लागूच पडत नसल्याने दुसरा विग्रह आपोआप बाद होतो. शब्द संस्कृतप्रचुर आहे हे खरे, पण 'वर्णपट' तरी कोठे बोलीतला आहे? विद्यापीठीय लेखनात 'कर्करोगाची छेदरहित प्रकाशीय पूर्वतपासणी' असे म्हणावे. शेलूत मात्र 'तुकडा काढायला हवा का, ते आधी उजेड टाकून बघायचं' इतके पुरे. त्यातील 'आधी' तेवढा गाळू नये.