कॉकपिटमधला झीलकरी

दवंड्याची. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटल्यावर, अलिटालियाचं डीसी-८ जेट जुन्नर भागातल्या ज्या डोंगराला धडकलं त्याचं नाव इंग्रजी कागदांत असं उतरलंय. नुसतं ‘दवंड्याची’. दवंड्याची काय? टेकडी, धार, माळ, पठार? षष्ठीचा प्रत्यय कानावर पडला की मराठी माणूस पुढच्या नामाची वाट बघतो. इथे ते नामच गळून गेलंय. सांगणाऱ्याने पुरतं सांगितलं असेल, टिपणाऱ्याला निम्मंच कळलं असेल. आणि टिपलेलं पुन्हा म्हणून दाखवा, असं त्याला कुणी म्हटलं नसेल.

‘पुन्हा म्हणून दाखवा.’ विमान कंपन्या वैमानिक घडवतात त्या सगळ्या खटाटोपाचा अर्धा भाग या तीन शब्दांत बसतो. वैमानिकांची ठरीव वाक्यं, म्हणजे कॉलआउट आणि चेकलिस्ट, कुणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. पण रसग्रहणाला कविताच लागते असं थोडंच आहे? ही वाक्यं घासून घासून इतकी लहान झालीत की त्यातला प्रत्येक शब्द तपासून बघावासा वाटतो.

सर्वांत लहान उतारा घेऊ.

“यू हॅव कंट्रोल.”

“आय हॅव कंट्रोल.”

विमान एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं तेव्हाचा हा संवाद. यात आज्ञा नाही, विनंती नाही, ‘घे’ नाही, ‘प्लीज’ नाही. देणारा जणू एक वस्तुस्थिती सांगतो आणि घेणारा तीच आपल्या तोंडाने सांगतो. नुसती मान हलवलेली चालत नाही, ‘हं’ तर नाहीच. दोघांनाही वाटतंय की विमान दुसरा चालवतोय, हा उडण्यातला फार जुना धोका आहे, आणि या दोन ओळी तेवढ्यासाठीच आहेत. त्यात फिरतं ते फक्त सर्वनाम. बाकी सगळं जागच्या जागी, अभंगाच्या ध्रुपदासारखं.

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात वाढलेल्या माणसाला हा प्रकार नवा वाटू नये. विठाबाईंचं हे गाव, तमाशाची पंढरी. तिथल्या फडांवर आणि पोवाड्यात शाहिराने ओळ सोडली की मागचे झीलकरी ती उचलतात. झील नसेल तर शाहीर एकटा पडतो. टॉवरने उंची सांगितली की कॉकपिटमधून तोच आकडा परत म्हटला जातो, तीही झीलच. फरक एवढाच की इथे झील चुकली तर टॉवर पुन्हा म्हणायला लावतो.

चेकलिस्टचंही तसंच, पण एक पायरी वर. एक जण विचारतो, “फ्लॅप्स?” उत्तर ‘हो’ नाही आणि ‘झालं’ तर मुळीच नाही. उत्तर म्हणजे डोळ्यांना आत्ता दिसतंय ते: “थर्टी, ग्रीन लाइट.” हातातलं काम डोक्यात पूर्ण झालेलं असतं म्हणून तोंडातून ‘झालं’ निघतं, आकडा सांगायचा तर डायलकडे बघावंच लागतं. (आपल्या कचेऱ्यांत ‘झालं’ या शब्दावर बंदी घातली तर किती कामं खरोखर होतील, हा वेगळ्या लेखाचा विषय.) ही यादी जन्मली तीही अपघातातून. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ उड्डाणानंतर लगेच कोसळलं. जमिनीवर असताना वाऱ्याने सुकाणूची पाती हलू नयेत म्हणून लावतात ते कुलूप काढायचं राहून गेलं होतं. चालवणारे नवशिके नव्हते.

आता दवंड्याचीकडे परत येऊ. सिडनीहून रोमला निघालेलं विमान, बँकॉक सोडल्यावर पुढचा थांबा मुंबई. रात्र, पावसाळा, बाहेरचं काही न दिसणारं आभाळ. सांताक्रूझच्या नियंत्रकाने चार हजार फुटांपर्यंत उतरायला परवानगी दिली, आणि वैमानिक उतरायला लागला. ते धडकलं ती जागा मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर. जेटला जेमतेम दहा-बारा मिनिटांची वाट, पण त्या वाटेत अख्खा सह्याद्री.

मला खिळवतो तो हा आकडा. चार हजार फूट हा आकडा खोटा नव्हता. घाट उतरून कोकणावर आलेल्या विमानाला ती उंची ऐसपैस आहे. पण जुन्नर गावच समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फुटांवर, शिवनेरीचा माथा साडेतीन हजारांच्या घरात, आणि हरिश्चंद्रगड त्याहून हजारभर फूट वर. घाटमाथ्यावर त्याच आकड्याचा अर्थ पार पालटतो. आकडा खरा, जागा खोटी. अशा वेळी झील कितीही सुरात लागली तरी उपयोग नाही, कारण झीलकरी आकडा परत म्हणतो, त्या आकड्याखालची जमीन त्याला दिसत नसते.

चौकशीचा निष्कर्षही तेच सांगतो: दिशा-अंतराच्या हिशेबात चूक झाली, मुंबई आहे त्याहून जवळ वाटली आणि विमान वेळेआधी खाली आणलं गेलं. जोडीला तीन गोष्टी. आपण नेमके कुठे आहोत हे ताडून बघायला जी साधनं हाताशी होती ती वापरली नाहीत. ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली गेले. आणि वाटेतल्या भूभागाची ओळख नव्हती. तिसरं कारण वाचताना मी दर वेळी थांबतो. डोंगराची ओळख नसणं हा परक्या मुलखातून आलेल्या माणसाचा दोष म्हणावा तरी कसा? पण ज्या मुलखावरून जायचंय त्याची ओळख त्याला करून देणं हे प्रशिक्षणाचंच काम. आज उतरण्याआधी कॉकपिटमध्ये ब्रीफिंग होतं, त्यात या भागातली किमान सुरक्षित उंची मोठ्याने म्हटली जाते. धावपट्टीपासून इतक्या अंतरावर इतकी उंची, हे जोडीने तपासलं जातं. दुसऱ्या वैमानिकाला पूर्वी ‘पायलट नॉट फ्लाइंग’ म्हणत, म्हणजे न चालवणारा. आता म्हणतात ‘पायलट मॉनिटरिंग’, लक्ष ठेवणारा. नकारार्थी नाव गेलं आणि त्या माणसाला स्वतःचं काम मिळालं. एवढा एक शब्दबदल मला सगळ्या जाड मॅन्युअलांपेक्षा मोलाचा वाटतो.

यंत्रणांचं ज्ञान इथेच उपयोगी पडतं. नव्या जातीचं विमान शिकताना हायड्रॉलिक्स, वीज, इंधन, केबिनचा दाब असं सगळं पाठ करावं लागतं, आणि बरंचसं परीक्षेनंतर पुसटही होतं. पण जमिनीची सूचना देणारी जी यंत्रणा डॉन बेटमनसारख्या अभियंत्यांनी विकसित केली, तिची मर्यादा विसरून चालत नाही. तिचा आधार असलेला रेडिओ अल्टिमीटर खाली लहर सोडतो आणि ती परत यायला लागलेल्या वेळावरून उंची मोजतो. म्हणजे पहिल्या पिढीची ही यंत्रणा खाली बघत होती, पुढे नाही. समोर एकाएकी कडा उभा राहिला तर सूचना यायला उशीर. नंतरच्या सुधारित यंत्रणेत जगभरच्या भूभागाचा नकाशाच साठवला, त्यामुळे ती पुढचा डोंगर आधी ओळखते. तिचं बोलणंही वाचण्यासारखं आहे. आधी ओळख: “टेरेन, टेरेन.” मग फक्त क्रियापद: “पुल अप.” कर्ता नाही, कारण नाही, ‘कृपया’ नाही.

यंत्र बोललं तरी माणसाने ऐकायला हवं. २२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टीपलीकडे दरीत गेलं, १५८ जण दगावले. सहवैमानिकाने परत वर घ्या म्हणून तीनदा सांगितलं होतं, ही चौकशीत आलेली नोंद. झील देणारा तिथे होता, आणि तो नुसती झील देत नव्हता, अडवतही होता. पण अडवूनही भागलं नाही, कारण पुढची पायरी हाताने उचलायची होती. आता शिकवतात ते असं: दोनदा बोलूनही उत्तर नाही, तर “आय हॅव कंट्रोल” म्हणायचं आणि विमान घ्यायचं. वरच्या दोन ओळींतली दुसरी, पहिलीची वाट न बघता.

तमाशाच्या वगात अडवायचं हे काम सोंगाड्या करतो. भर दरबारात राजाला तोंडावर सुनावायची मुभा त्याला, आणि राजा चिडला तरी बोर्डावरून हटायचं नाही. आपल्या घरांत, कचेऱ्यांत वडीलधाऱ्याला अडवणं अवघड जातं. ‘साहेब’, ‘सर’ लावल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही. म्हणून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट या रुक्ष नावाखाली कंपन्या शिकवतात तो मला मुळात सोंगाड्याचाच धडा वाटतो. एकोणीसशे सत्तरच्या दशकातल्या अपघातांनंतर, १९७९च्या नासाच्या कार्यशाळेपासून हा विषय रुजला. चांगल्या कॉकपिटला दोन्ही लागतात, आकडा चुकू न देणारा झीलकरी आणि राजाला थांबवणारा सोंगाड्या, आणि हे दोन्ही एकाच माणसात.

दर सहा महिन्यांनी वैमानिक परीक्षेसाठी सिम्युलेटरमध्ये बसतात. बाहेर काळोख, ढग. “टेरेन, टेरेन. पुल अप.” ऑटोपायलट बंद, इंजिनं पूर्ण जोरावर, नाक वर. डोंगर खाली जातो आणि कुणाचंच काही बिघडत नाही. दवंड्याचीवर ९४ जण होते: ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी.