विद्यापीठीय व्यवस्थापन शिक्षण आणि मावळातील उद्योग : एक चिकित्सा

प्रास्ताविक

विद्यापीठीय विभागाचा इतिहास लिहिताना स्थापनेचे वर्ष, अभ्यासक्रमांची यादी आणि विद्यार्थ्यांना मिळालेल्या नोकऱ्या यांची नोंद सहसा होते. हा विभाग कोणता उद्योग डोळ्यांसमोर ठेवून शिकवतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पुणे विद्यापीठाच्या व्यवस्थापनशास्त्र विभागाच्या, म्हणजे ‘पुम्बा’च्या वाटचालीकडे भोर-वेल्हे परिसरातून पाहून हा प्रश्न मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात व्यवस्थापन शिक्षणाची घडण अमेरिकन विद्यापीठांच्या सहकार्याने झाली. 1961 मध्ये स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेला हार्वर्डचे, तर 1965 मध्ये मुंबई विद्यापीठात सुरू झालेल्या जमनालाल बजाज संस्थेला स्टॅनफर्डचे साहाय्य लाभले. पुणे विद्यापीठाचा विभाग 1971 चा. पिंपरी-चिंचवडची कारखानदारी त्या काळात विस्तारत होती. विपणन, वित्त, मनुष्यबळ, उत्पादन ही विशेषीकरणे तिला साजेशी होती. पुढे जैवतंत्रज्ञान उद्योगासाठी स्वतंत्र एम.बी.ए. आले. बदलत्या उद्योगांची दखल घेण्याची ही तत्परता निश्चितच श्रेयस्कर होय.

याच 1971 मध्ये धनंजयराव गाडगीळ यांचे निधन झाले. 1966-67 मध्ये या विद्यापीठाचे कुलगुरू असलेल्या गाडगीळांनी गोखले संस्थेत पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत मार्गदर्शन केले. सहकाराचे व्यवस्थापन शिकवणारी वैकुंठ मेहता संस्थाही 1967 पासून पुण्यातच आहे. परिसराची पाहणी करून ज्ञान उभे करण्याची ही परंपरा आणि व्यवस्थापन शिक्षण एकाच शहरात असूनही समांतर राहिले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अभ्यासक्रमाची चिकित्सा

मुंबईचे बहुसंख्य डबेवाले मूळचे पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यातील. 1890 पासूनच्या त्यांच्या व्यवस्थेवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने 2010 मध्ये प्रकरण-अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या डोंगरातील माणसांचे संघटनकौशल्य आपल्याच वर्गात बोस्टनमार्गे यावे, ही बाब अंतर्मुख करणारी आहे.

हिरडस मावळ आणि गुंजण मावळ हे भोर-वेल्हे परिसराचे जुने भाग. येथील विद्यार्थी वाणिज्य वा व्यवस्थापनाच्या वर्गात बहुराष्ट्रीय शीतपेयांचे विपणन शिकतो. घरच्या आंबेमोहोर तांदळाची भरडाई, साठवण, प्रतवारी आणि पुण्याच्या पेठेत मिळणारा भाव यांचा हिशेब मात्र त्याला कोणी विचारत नाही. 2025 मध्ये राजगड जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. गडाच्या पायथ्याशी जेवण व मुक्कामाची सोय करणारी कुटुंबे सेवा-व्यवस्थापनच करीत आहेत. त्यांचा गर्दीचा हंगाम, भांडवल आणि नफा हे अभ्यासाचे विषय ठरावेत.

यावर आक्षेप घेतला जाईल की, विद्यार्थ्याला नोकरी शहरात आणि मोठ्या कंपनीत मिळते. आक्षेप रास्त आहे. परंतु स्थानिक उदाहरण म्हणजे सौम्य अभ्यास नव्हे. मागणीचा अंदाज, पुरवठ्याची साखळी, जोखीम या संकल्पना ओळखीच्या व्यवसायावर तपासल्या तरच त्या पाठांतरातून सुटतात. शिवाय दोष केवळ विद्यापीठाचा नाही. तालुक्याच्या महाविद्यालयांतील आपण अध्यापकही तयार मार्गदर्शिकांवर विसंबून राहिलो, हे मान्य करावयास हवे.

समारोप

2024-25 पासून बी.बी.ए. अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आहेत. त्यामुळे साचेबंदपणा वाढण्याची शक्यता आहे. पण प्रकल्पकार्याची जागा अद्याप आपल्या हाती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका व्यवसायाचा वर्षभराचा जमाखर्च अभ्यासून मराठीत प्रकरण लिहावे, अध्यापकाने ते तपासावे आणि विद्यापीठाच्या विभागाने त्यांतील निवडक प्रकरणे आपल्या वर्गात चर्चेला घ्यावीत. यासाठी नव्या अनुदानाची गरज नाही. पुणे आणि भोर यांच्यामधील देवघेव आजवर बहुतांशी एकाच दिशेने झाली. ती या मार्गाने उभयपक्षी होऊ शकेल.