नवव्या पानावरचा बुद्ध

पळसदरीहून कर्जतकडे जाणारी सकाळची गाडी धरली की डब्यात पत्त्यांचा फड हमखास लागलेला असतो. गुडघ्यांवर वर्तमानपत्र पसरलेले, चौघे त्याभोवती. मी खेळत नाही, ऐकतो. ‘गुलाम टाक’, ‘गुलाम मारला’. महारवाड्यात वाढलेल्या माणसाच्या कानाला हे शब्द साधे लागत नाहीत. खेळात कसले समाजशास्त्र, असे डब्यातले एक मास्तर मला म्हणाले. परंतु पानाला नाव देणारा माणूस समाजातच बसून नाव देतो. साहेबाच्या पत्त्यांतला नोकरपोऱ्या आपल्याकडे आल्यावर गुलाम झाला, आणि ज्या भाषेने त्याला गुलाम केले त्याच भाषेत जोतीरावांना १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहावी लागली. ‘गुलामचोर’ खेळात जोडी न लागलेला गुलाम ज्याच्या हाती उरतो, तो चोर. राजा कुणाच्याही हाती राहिला तरी लाज नाही!

तरी नावावरून सगळे कळत नाही. ‘तीनशेचार’मध्ये गुलामाचे गुण तीस आणि राजाचे अवघे तीन. नाव हलके, पण नियमाने त्याला वर चढवले आहे.

याच्या नेमके उलट सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात घडते. हाताने रंगवलेली ही गोल पाने; ही कला मरू लागली होती, ती १९७० च्या दशकात तिथल्या भोसले राजघराण्याने पुन्हा उभी केली. त्या श्रमाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. संचात पाने १२०. दहा अवतारांची दहा घरे, प्रत्येक घरात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण; नववा बुद्ध, दहावा कल्की. बुद्धाच्या घराची खूण काही संचांत शंख, काहींत कमळ.

मास्तरांचे म्हणणे, हे औदार्य नव्हे काय? बुद्धाला देवांच्या पंगतीत पाट मांडला!

पाट कशासाठी मांडला ते भागवत पुराणच सांगते. देवांच्या वैऱ्यांना मोह पाडण्यासाठी विष्णू बुद्ध होतो. म्हणजे ज्याने यज्ञातली हिंसा नाकारली, जन्मावरून श्रेष्ठत्व नाकारले, त्याचे सारे सांगणे ही एक चकवण्याची युक्ती ठरली. नाव ठेवले आणि अर्थ काढून घेतला. आता खेळाचा नियम पाहा. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा, तो पहिले पान उतरतो. रात्री ज्याच्या हाती कृष्णाचा राजा, तो. बुद्धाच्या राजाला पहिली उतारी दिवसाही नाही आणि रात्रीही नाही. हा नियम करणाऱ्याच्या मनात द्वेष होता असे मी म्हणत नाही. त्याला दुसरे काही सुचलेच नाही, आणि मला खुपते ते हेच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पाचवी नेमकी या नवव्या पानाविषयी आहे. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही, असे आमच्या आईबापांनी उच्चारले. माझ्या आईने गंजिफा आयुष्यात पाहिला नव्हता. पण ती प्रतिज्ञा तिला तोंडपाठ होती.

आमच्याच तालुक्यात कोंडाण्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या चैत्यात बुद्धाची मूर्ती कोरलेली नाही, की तो कुणाचा नववा नाही. दर्शनी भागावरच्या एका भग्न मस्तकाजवळ इतकेच कोरले आहे की हे कण्हाचा शिष्य बलक याने केले.

हे सारे मी मास्तरांना सांगितले. ते म्हणाले, “मग काय, बुद्धाचे घर काढून टाकायचे संचातून?”

काढू नका, मी म्हटले. एकशे आठ पानांत तुमचा डाव बसणार नाही. जिथे हा संच काचेत मांडाल, तिथे खालच्या चिठ्ठीवर नवव्या नावापुढे पाचवी प्रतिज्ञाही लिहा.

तेवढ्यात कर्जत आले, आणि त्यांनी पाने गोळा करून खिशात टाकली.