'शास्त्रीय', 'जाझ' आणि 'हंगाम' : एक शब्दविचार

मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या १९६९ साली स्थापन झालेल्या संस्थेत पाश्चात्त्य वाद्यवृंद, रागसंगीत व जाझ या तिन्हींचे कार्यक्रम होतात. २००६ मध्ये उभारलेल्या तिच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या वाद्यवृंदाचे कार्यक्रम तर 'सीझन' याच नावाने आखले जातात. येत्या सीझनची वार्ता मराठीत द्यावयाची झाल्यास 'शास्त्रीय व जाझ संगीताचा हंगाम' अशी शब्दयोजना आपण सहज करू. ती प्रत्यक्ष संगीताशी कितपत जुळते, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम 'हंगाम'. पाटण तालुक्यात हंगाम भातलावणीचा, उसाचा, फार तर तमाशाच्या फडांचा. रागसंगीताला या प्रदेशात हंगाम नसतो, निमित्त असते. औंधचा संगीतोत्सव अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. मिरजेच्या दर्ग्यातील संगीतसभा उरुसाशी व अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) यांच्या स्मृतीशी निगडित आहे. तेथे श्रोता स्मरणासाठी जमतो. सीझनमध्ये तो तिकीट काढून निवड करतो. निवड करावयाची, तर वर्णनाचे शब्द नेमके असणे अगत्याचे ठरते.

ही नेमकेपणाची कसोटी 'शास्त्रीय' या शब्दाला पेलत नाही. 'क्लासिकल' या इंग्रजी शब्दात मान्यता पावलेल्या नमुन्याचा अर्थ प्रधान आहे. 'शास्त्रीय' म्हणताच मन नियमाकडे वळते. वस्तुतः भातखंडे यांनी आपल्या संस्कृत ग्रंथाच्या नावातच 'लक्ष्य', म्हणजे प्रचारातील संगीत, हा शब्द योजून शास्त्राने प्रयोगामागून चालावे असे सुचविले होते. पुढे अशोक दा. रानडे यांनी 'कलासंगीत' ही संज्ञा वापरली. तरीही व्यवहारात 'शास्त्रीय' हाच शब्द टिकला. परिणामी, ज्यातील स्वर रचनाकाराने आधीच लिहून ठेवले आहेत ती बेथोव्हनची सिम्फनी, आणि दोन-चार ओळींच्या बंदिशीतून प्रत्यक्ष बैठकीत वाढत जाणारा ख्याल, यांना आपण एकच विशेषण लावतो. जाझला मात्र त्या विशेषणाबाहेर ठेवून जणू नियमविरहित ठरवितो.

जाझची रचनापद्धती पाहिली असता हे वर्गीकरण उलटे पडते. बारा मापांच्या ब्लूजमध्ये प्रत्येक माप चार मात्रांचे धरल्यास अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन होते. ते पुनःपुन्हा फिरते आणि वादक प्रत्येक फेरीत नवी बढत करतो. पद्धतीच्या दृष्टीने हे ख्यालाला सिम्फनीपेक्षा निकटचे आहे. अर्थात साम्य ताणू नये. ख्यालात षड्ज अचल राहतो. जाझच्या आवर्तनात स्वरसंघात बदलत जातात आणि वादकाला त्या बदलांचे भान ठेवावे लागते. केवळ समेची वाट पाहणारा श्रोता येथे फसेल.

जाझ आपल्याला अगदी परकेही नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत होता. गोव्याच्या वादकांनी ही विद्या आत्मसात केली. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) मधील संगीतात चिक चॉकलेट यांचा हात होता. १९७८ साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने 'जाझ यात्रा' सुरू झाली. कान सरावले, परंतु मराठी परिभाषा मागे राहिली.

ही उणीव दाद देण्याच्या रीतीतही जाणवते. सिम्फनीच्या दोन भागांमध्ये शांतता पाळावयाची, जाझमध्ये एकेकाचे स्वतंत्र वादन संपताच टाळ्या द्यावयाच्या, ख्यालात समेवर 'वाहवा' म्हणावयाचे. हे तीन शिष्टाचार न जाणणारा श्रोता संकोचतो, आणि संकोचलेला श्रोता पुन्हा येत नाही.

संगीताला शब्दांची गरज काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु भजनाच्या ठेक्यावर वाढलेल्या पाटणच्या विद्यार्थ्यास आवर्तन शिकवावे लागत नाही. "हेही आवर्तनच आहे, मात्र येथे स्वरसंघात बदलत राहतात," एवढे एक वाक्य मराठी कार्यक्रमपत्रिकेत आले, तरी त्याला प्रवेशद्वार मिळेल. 'लिखित रचना' आणि 'प्रयोगसिद्ध रचना' असा भेद स्वीकारून अशा पत्रिका लिहिणे, हे संगीतज्ञांइतकेच भाषेच्या अभ्यासकांचेही काम आहे. ते आपण केले नाही, तर 'शास्त्रीय' हा शब्द पुष्कळांना दाराबाहेरच उभे ठेवील.