बिनतारी तारांबळ

मराठी माणसाचं आणि तारेचं कधी फारसं जमलंच नाही. तार आली म्हणजे कोणीतरी गेलं, एवढं आमच्या पिढीला लहानपणीच ठाऊक झालं होतं. पोस्टमनने दारात 'तार!' म्हणून हाक दिली की आत काय लिहिलंय ते न वाचताच माजघरातून हुंदके सुरू होत. मग फोडून पाहावं तर मावसभाऊ मॅट्रिक झाल्याची बातमी निघे. ती तार सरकारने 2013 सालच्या जुलैत बंद केली. राहता राहिल्या घरातल्या तारा. त्याही नाहीशा करण्याचं पुण्यकर्म सध्या एका चपट्या वस्तूने अंगावर घेतलं आहे. दुकानदार तिला 'वायरलेस' म्हणतो, आपण बिनतारी चार्जर म्हणू.

कथा-कादंबऱ्यांची परीक्षणं होतात, नाटकांची होतात, मग जी वस्तू रोज रात्री आपल्या उशाशी असते तिचंच का होऊ नये? आणि परीक्षणाची सुरुवात शीर्षकापासून करायची रीतच आहे. हे शीर्षक साफ खोटं आहे. बिनतारी चार्जरच्या पाठीमागून एक तार निघते आणि ती थेट भिंतीकडे जाते. अवैतनिक सचिव जसा टॅक्सीभाडं घेतल्याशिवाय राहत नाही, तसा बिनतारी चार्जर तार घेतल्याशिवाय चालत नाही. इतकंच की, तार पूर्वी फोनला लागायची, ती आता फोनखालच्या थाळीला लागते. पुष्कळदा त्या तारेच्या टोकाचा भिंतीत खुपसायचा ठोकळा, म्हणजे ॲडॉप्टर, खोक्यात नसतोच. तो वेगळा घ्यायचा. घरात पडलेला जुना 5 वॅटचा ठोकळा लावून 15 वॅटच्या थाळीकडून 15 वॅटची अपेक्षा करणं, म्हणजे पाहुण्याला चांदीच्या ताटात चुरमुरे वाढणं. 15 वॅटच्या थाळीमागे साधारण 20 वॅटचा ठोकळा हवा, कारण वाटेत थोडी गळती ठरलेलीच.

ही गळती का होते ते समजायला पदार्थविज्ञान लागत नाही, चाळीत राहिलेलं असलं की पुरे. तारेच्या एका वेटोळ्यात उलटसुलट वीज फिरवली की शेजारच्या वेटोळ्यात, कशाचा कशाला स्पर्श नसताना, वीज खेळू लागते, हे मायकेल फॅरडेने 1831 साली दाखवून दिलं. आमच्या चाळीत हा प्रयोग रोज होई. सात नंबरच्या खोलीत नवराबायकोचं वाजलं की मधे भिंत असूनही आठ नंबरात ठिणग्या उडत. मात्र त्याला खोल्या लागून असाव्या लागत. नऊ नंबरपर्यंत जाईतो त्यातला जोर निम्मा होई आणि बाराव्या खोलीत माणसं शांतपणे पत्ते खेळत. थाळीतलं वेटोळं आणि फोनच्या पाठीतलं वेटोळं यांचंही असंच. दोन्ही अगदी एकावर एक यावी लागतात. अर्ध्या बोटाने जरी सरकली तरी जी वीज पोचत नाही तिची नुसती उष्णता होते. भांडणाचंही तेच होतं म्हणा! आणि फोनमधल्या बॅटरीला उष्णता मुळीच मानवत नाही.

या थाळ्यांचं एक गोत्र ठरलेलं आहे. 2008 साली कंपन्यांनी संघ स्थापला आणि पुढे त्या संघाने ते ठरवलं. खोक्यावर ते क्यू-आय असं दोन अक्षरांत लिहितात आणि वाचतात मात्र 'ची'. शब्द चिनी आहे, अर्थ प्राणशक्ती. पण मराठी शाळेत चा-ची-चे घोकलेल्या माणसाला हा षष्ठीचा प्रत्यय वाटला, तर दोष त्याचा नव्हे. षष्ठी म्हणजे संबंध, आणि ती दिसली की आमचे गुरुजी ताबडतोब प्रश्न विचारायला लावीत: 'कोणाची?' माझ्या मते या वस्तूच्या परीक्षणाला हीच कसोटी लावावी. सोय आहे, हे मान्य. पण कोणाची?

आता साधी चपटी थाळी घ्या. घरातल्या तरुण मंडळींना तिची फार हौस. पण डोळे शाबूत आणि बोटं मजबूत असलेल्या माणसाची ती सोय नव्हेच. तार स्वस्त, तिने फोन लवकर भरतो आणि तापतोही कमी. शिवाय तार लावलेला फोन हातात घेऊन लोळता येतं. थाळीवरचा उचलला की त्याचं जेवण थांबलं. रात्री कोणाचा तरी निरोप येतो, फोन थरथरतो, थरथरता थरथरता बोटभर सरकतो, आणि सकाळी पाहावं तर बारा टक्के. रात्रभर ताटावर बसून बिचारा उपाशी!

उलट आमच्या आत्याबाई. वय 82, राहतात एकट्या, मुलगा कॅनडात. सुईत दोरा ओवणं त्यांनी दहा वर्षांपूर्वी सोडलं आणि आपण त्यांना म्हणतो, त्या एवढ्याशा भोकात पिन घाला. ती जाईना, आणि शेजाऱ्यांना सारखं काय बोलवायचं म्हणून त्या फोन तसाच ठेवत. मग तो मरे. कॅनडातला मुलगा तासभर फोन लावून लावून घाबरायचा आणि मला उठवायचा. मी रात्री अकराला स्कूटर काढून जावं तर आत्याबाई गाढ झोपलेल्या. वर मलाच विचारायच्या, "का रे, घरी सगळं बरं आहे ना?" अशा घरात ही वस्तू चैनीची राहत नाही, गरजेची होते.

पण त्यांच्यासाठीही चपटी थाळी नको, चुंबकाची उभी घ्यावी. ॲपलने 2020 साली फोनच्या पाठीत लोहचुंबकाची चकती बसवली, आणि 2023 साली तीच कल्पना सगळ्यांसाठी 'ची-दोन' या नावाने नियमात आली. (व्याकरणाप्रमाणे 'ची'चं अनेकवचन 'च्या' व्हायला हवं होतं, पण तिथे मराठीचा सभासद नसावा.) यात फोन जवळ नेला की आपणच चट्‌दिशी बरोबर जागी बसतो, हात कापला तरी चालतो. खरेदीआधी एवढं पाहावं की फोनच्या पाठीत मुळात वेटोळं आहे का, कारण स्वस्त फोनांत ते बहुधा नसतंच. आत्याबाईंकडे मुलाचा जुना फोन होता, म्हणून निभावलं. दुसरी गोष्ट थट्टेची नाही. घरात कोणाला पेसमेकर असेल तर असा चार्ज होत असलेला चुंबकी फोन त्यांच्या छातीपासून 30 सेंटीमीटरपेक्षा लांब ठेवावा, असं ॲपलच सांगतं. म्हणजे उशीखाली नाही, छातीवर तर नाहीच नाही. आधी डॉक्टरांना विचारून घेतलेलं उत्तम.

घड्याळांचं सोवळं फार कडक. ॲपलचं घड्याळ दुसऱ्याच्या ताटात जेवत नाही. साध्या थाळीवर ठेवलं तर ते ढिम्म. त्याला त्याची स्वतःची वाटी लागते, आणि इतर कंपन्यांची घड्याळंही पुष्कळदा आपापली वाटी मागतात. यावर तोडगा म्हणून फोन, घड्याळ आणि कानातली बोंडं यांचं तीन-एकत्र मखर मिळतं. दिसायला देखणं, गौरी तेवढ्या बसवायच्या राहिलेल्या असतात. पण बाईसाहेबांचं घड्याळ एका कंपनीचं आणि चिरंजीवांचं दुसऱ्या, अशा घरात ते मखर एकाचंच होतं. आणि त्याचा ठोकळा बिघडला की एका वेळी तिघांना उपास. तिघांची एक पंगत बसवणं किती अवघड, ते खुद्द ॲपलला विचारा. 2017 च्या सप्टेंबरात त्यांनी 'एअरपॉवर' नावाची तिघांसाठी एकच चटई वाजतगाजत जाहीर केली. 2019 च्या मार्चमध्ये, 'आमच्याच दर्जाला ती उतरत नाही' असं सांगून लग्न मोडलं. अक्षता धरून बसलेले लोक घरी गेले. तेव्हा घड्याळाची वाटी वेगळी घ्यावी, संसार सुखाचा होतो.

मोटारीत मात्र 'कोणाची?' याला रोखठोक उत्तर आहे: चालवणाऱ्याची. घाटात वळण घेताना ज्याचा एक हात तारेचं टोक शोधतो आहे, त्याच्या शेजारी बसून पाहा. देव आठवतात. चुंबकाने पकडणारा चार्जर तिथे पैसे वसूल करतो. गिअरपुढची चपटी थाळी नव्हे. तिच्यावरचा फोन खंडाळ्यात एका वळणाला डावीकडे तर दुसऱ्याला उजवीकडे. त्यात थाळीवर आपण किल्ल्या आणि सुटी नाणी टाकतो. चांगली थाळी धातू ओळखून थांबते, टुकार थाळी नाणं तापवत बसते. शिवाय ऊन. आयफोनवाले 35 अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरा म्हणतात. नागपूरचा मे महिना त्यांनी पाहिलेला नसावा. काचेमागचं ऊन, फोनवर चालू नकाशा आणि त्यात वेटोळ्याची ऊब, अशा तिन्ही आगी एकत्र आल्या की फोन जेवण नाकारतो. म्हणून चार्जर काचेला चिकटवू नये, एसीच्या झरोक्यावर लावावा. विदर्भात लांब जायचं असलं तर सरळ तार लावून निघावं.

तेव्हा दुकानात वॅट विचारण्याआधी घरात विचारावं: कोणाची? एखादं नाव निघालं तर वस्तू जरूर घ्यावी. 'सगळ्यांचीच' असं उत्तर आलं तर पाकीट खिशात परत ठेवावं. आत्याबाईंचं नाव निघालं, वस्तू आली, आणि आता त्यांचा फोन चोवीस तास भरलेला असतो. मला रात्री अकराला स्कूटर काढावी लागत नाही. रात्री अकराला त्यांचाच फोन येतो, "जागा आहेस ना रे?"