संपृक्ततेचे तत्त्व आणि एकशिक्षकी शाळा

जिल्ह्यातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती लॅपटॉप द्यावा, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. २००५ साली निकोलस निग्रोपाँटे ह्यांनी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ह्या नावाने ती जगापुढे मांडली, आणि त्या योजनेची पाच तत्त्वे पुढे सर्वत्र उद्धृत होऊ लागली. यंत्राची मालकी मुलाची असावी. ते लहान वयातच हाती यावे. शाळेतील वा प्रदेशातील सर्व मुलांना ते मिळावे. ती यंत्रे परस्परांशी व जगाशी जोडलेली असावीत. आणि त्यांतील आज्ञावली मुक्त असावी. ह्यांपैकी तिसऱ्या तत्त्वाला योजनेच्या परिभाषेत ‘संपृक्तता’ असे नाव आहे. काहींना यंत्र आहे आणि काहींना नाही, अशी स्थिती राहिल्यास शिक्षणाचे रूप पालटत नाही, हा त्यातील आशय होय. जिल्हावार वाटपाच्या सर्व योजना, त्यांचे नाव कोणतेही असो, ह्याच तत्त्वावर उभ्या असतात. यास्तव परीक्षा करावयाची ती मुख्यतः त्याची.

प्रथम ह्या विचाराच्या बाजूने म्हणावयाचे ते म्हटले पाहिजे. ह्या योजनेमागे सीमूर पॅपर्ट ह्यांचे शिक्षणविषयक चिंतन होते. पॅपर्ट हे झाँ पियाजे ह्यांच्या सहवासात राहिलेले गणितज्ञ. मूल ज्ञान ग्रहण करीत नाही, ते रचते. आणि काहीतरी प्रत्यक्ष घडवीत असता ही रचना अधिक दृढ होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ ह्या ग्रंथात त्यांनी संगणकाकडे पाहिले ते पाठांतराचे साधन म्हणून नव्हे. मुलाने यंत्राला शिकवावे, यंत्राने मुलाला नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. लॅपटॉपला केवळ महागडे खेळणे म्हणून बाजूस सारणाऱ्या टीकाकारांनी हा पूर्वपक्ष नीट समजून घेतलेला दिसत नाही.

तथापि पाच तत्त्वे पुन्हा वाचली असता एक गोष्ट लक्षात येते. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे, तर ह्या विधानांत मूल हा कर्ता आहे, यंत्र हे करण आहे, आणि शिक्षकाला कोणतेच कारक नाही. मूल कोणत्या भाषेत वाचणार, ह्याचाही त्यांत उल्लेख नाही. हा उल्लेख अनवधानाने राहून गेला, असे मानण्याचे कारण नाही. शिक्षक दुर्मीळ आहेत, त्यांची सिद्धता होण्यास पिढ्या लागतात आणि यंत्र मात्र एका वर्षात पोहोचविता येते, हे गृहीत त्यामागे आहे. ह्या गृहीताची कसोटी रायगड जिल्ह्यातच पाहावयास मिळाली.

२००६ साली केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना स्वीकारण्यास नकार दिला होता. वर्गखोल्या आणि शिक्षक ह्यांची निकड अधिक मोठी आहे, असा त्या नकाराचा रोख होता. पुढील वर्षी, २००७ साली, रायगड जिल्ह्यातील खैराट ह्या लहानशा वस्तीवरील प्राथमिक शाळेत योजनेचा भारतातील पहिला प्रयोग झाला. एक खोली, एक शिक्षक, चार इयत्ता आणि सुमारे २२ मुले, असे त्या शाळेचे स्वरूप होते. मुले यंत्राशी चटकन रुळली, छायाचित्रे काढू लागली, अक्षरे जुळवू लागली, असे त्या प्रयोगाचे वृत्तांत सांगतात. त्यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो त्यांतून काढलेल्या निष्कर्षाचा. २२ मुलांच्या शाळेत २२ यंत्रे आली की संपृक्तता आपोआपच सिद्ध होते. परंतु त्याच शाळेत प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखणारा, रोज हजर असणारा शिक्षकही होता. आणि प्रयोग म्हणून बाहेरच्या माणसांचे येणेजाणे व लक्षही होते. ह्या तीन कारणांपैकी फळ कोणाचे, हे अशा प्रयोगातून निवडून काढता येत नाही. यंत्राचा खरा उपयोग तेथे वेगळ्याच ठिकाणी दिसतो. एकच शिक्षक एका इयत्तेला शिकवीत असता उरलेल्या तीन इयत्तांनी काय करावे, ही एकशिक्षकी शाळेची जुनी अडचण आहे. हाती यंत्र असलेले मूल त्या वेळात गुंतून राहू शकते. परंतु हा लाभ शिक्षक असल्यामुळेच लाभ ठरतो. तो नसेल तर उरते ते केवळ गुंतून राहणे.

मोठ्या प्रमाणावरील परीक्षा पेरू देशात झाली. तेथील शासनाने आठ लाखांहून अधिक यंत्रे वाटली. ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा तौलनिक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दर विद्यार्थ्यामागे ०.१२ असलेले संगणकांचे प्रमाण योजनेच्या शाळांत १.१८ झाले होते, म्हणजे संपृक्तता पूर्णत्वास गेली होती. गणित आणि भाषा ह्यांच्या प्रावीण्यात मात्र फरक आढळला नाही. सर्वसाधारण बौद्धिक कौशल्याच्या काही चाचण्यांत थोडी वाढ दिसली. यंत्र मुलापर्यंत पोहोचले, पण वर्गातील अध्यापन होते तेथेच राहिले, असा ह्याचा अर्थ लावावा लागतो.

ह्यावर उरुग्वेचा दाखला दिला जाईल, आणि तो देणे न्याय्य आहे. २००७ साली सुरू झालेल्या ‘प्लान सेइबाल’ने २००९ पर्यंत सार्वजनिक प्राथमिक शाळांतील सर्व मुलांना यंत्रे दिली, आणि ती योजना टिकली. परंतु ती टिकली कशाने? दुरुस्ती, जोडणी आणि शिक्षकांचे प्रशिक्षण सांभाळणारी कायम स्वरूपाची संस्था शासनाने उभी केली. इतकेच नव्हे, तर २०१२ पासून इंग्रजीच्या अध्यापनासाठी दूरस्थ शिक्षक पडद्यावरून वर्गात आणला, आणि वर्गातील शिक्षकाची त्याला जोड दिली. पाच तत्त्वांतून जो वगळला गेला होता, तो शिक्षक अशा रीतीने परत आला.

आता हे तत्त्व रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, महाड आणि पोलादपूर ह्या डोंगराळ तालुक्यांत, लावून पाहावे. महाडहून रायगड किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर नाते हे गाव आहे. चिंतामणराव देशमुख ह्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी येथे झाला. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. शिष्यवृत्ती अनेकांतून एकाला निवडते. संपृक्तता निवड टाळून प्रत्येकाला देते. वरवर पाहता ही दोन टोके वाटतात. वस्तुतः दोन्हींची दृष्टी एकाच ठिकाणी, म्हणजे व्यक्तीच्या हाती पडणाऱ्या वस्तूवर, खिळलेली आहे. देशमुखांनी स्वतः पुढे जे कार्य केले त्याची दिशा निराळी होती. १९५६ ते १९६१ ह्या काळात विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांचा संबंध आला तो संस्थांच्या उभारणीशी.

व्यक्तीला वस्तू देणे आणि सार्वजनिक संस्था सर्वांसाठी खुली व सक्षम ठेवणे ह्यांतील भेद ह्या तालुक्याला तरी नवा नाही. १९२३ साली सीताराम केशव बोले ह्यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेल्या ठरावात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबरच सार्वजनिक शाळांचाही समावेश होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. तो ठराव कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तेथे मागणी घरोघरी घागर पोहोचविण्याची नव्हती. सर्वांच्या तळ्यावर सर्वांचा हक्क असावा, ही होती. ‘मालकी मुलाची’ हे पहिले तत्त्व ह्या उदाहरणाशेजारी ठेवले असता त्याची मर्यादा स्पष्ट होते. मालकी यंत्राबरोबर संपते, हक्क संस्थेबरोबर टिकतो. २२ जुलै २०२१ च्या महापुराने महाड शहर बुडाले, त्या तालुक्यात यंत्राचे आयुष्य किती धरावे, हा केवळ तांत्रिक प्रश्न नव्हे.

मग पॅपर्ट ह्यांचा विचारच त्याज्य ठरतो काय? तसे नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की सातारा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांनी ह्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ज्ञानरचनावादी अध्यापनाचा प्रयोग केला. जमिनीवर आखलेल्या आकृत्या, खडू, काड्या, मणी, एवढीच त्याची सामग्री. राज्यभरचे शिक्षक तो पाहण्यास गेले. पियाजेपासून निघालेला एकच प्रवाह खैराटला यंत्राच्या रूपाने आला आणि कुमठ्याला खडूच्या. पहिला प्रयोग पाहणाऱ्यास यंत्र हवेसे वाटले. दुसरा पाहणाऱ्या शिक्षकास आपणही हे करू शकू असे वाटले. शिक्षणविचाराच्या प्रसाराच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

ह्या चर्चेचे मोल आज वाढले आहे. २०२३ साली महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. खैराटचा २२ हा पट त्या रेषेच्या जेमतेम वर होता. डोंगरवस्तीवरील शाळा पटाच्या हिशेबाने दूर न्यावयाची आणि यंत्र मात्र दरडोई हिशेबाने घरात द्यावयाचे, अशा दोन धोरणांचा मेळ बसणे कठीण आहे. दोहोंचे गणित डोकी मोजण्याचेच असल्याने कागदावर ती परस्परपूरक दिसतील, हाच त्यांतील धोका होय.

एतावता संपृक्ततेचे तत्त्व चुकीचे नाही. त्याचे कर्म चुकले आहे. प्रत्येक वस्तीवर प्रथम पूर्णत्वास जावयाचे ते शिक्षकाचे असणे, आणि मुलाला कळेल अशा मराठीतील वाचनसामग्रीचे असणे. ते झाले असेल तेथे यंत्र त्या शिक्षकाचे दोन हात अधिक करील. ते झाले नसेल तेथे वाटपाचा आकडा शंभर टक्के भरेल, आणि शाळेचे दार बंदच राहील.